गिझर बिघडला: दोष कसा शोधायचा आणि दर कसा सांगायचा
(बेळगाव, खानापूर, निपाणी भागात नव्याने काम धरणाऱ्यांसाठी)

थंड देशांत घर तापवायची यंत्रणा म्हणजे खोल्या गरम ठेवणारी. आपल्याकडं कितीही थंडी पडली तरी खोलीत स्वेटर पुरतो, तापवायचं असतं ते आंघोळीचं पाणी. त्यामुळं या भागात तापवायच्या यंत्रांच्या दुरुस्तीचा धंदा म्हणजे गिझर, छतावरचं सोलर आणि थोडाफार गॅस गिझर. कामाचे दोन हंगाम. पहिला जूनमध्ये, ढग बसले की सोलर गार पडतं आणि वर्षभर बंद असलेला गिझर लोक चालू करतात. दुसरा दिवाळीत. नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी जेवढे फोन येतात तेवढे एरवी आठवड्यात येत नाहीत.

नवीन माणूस कुठं फसतो, तर गिऱ्हाईक जे नाव घेतं तोच दोष धरून चालतो. "कॉइल गेलंय, बदलायला किती?" असा फोन येतो, हा भाव सांगून मोकळा होतो, आणि घरी गेल्यावर कळतं की प्लगची पिन जळाली आहे. मग सांगितलेला भाव घ्यावा तर लबाडी आणि सोडावा तर फेरी अंगावर. म्हणून फोनवर दुरुस्तीचा भाव सांगायचाच नाही. सांगायचा तो येऊन तपासण्याचा.

फोनवर काय विचारायचं

गिझर विजेचा की गॅसचा, किती लिटरचा, किती वर्षांचा. पाणी नळाचं की बोअरचं. बटण चालू केल्यावर दिवा लागतो का. आणि नेमकं होतं काय: अजिबात तापत नाही, उशिरा तापतं, जास्त तापतं, गळतं, एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) पडते, की हाताला झिणझिण्या येतात. हे शेवटचं असेल तर पुढचे प्रश्न बाजूला ठेवून आधी मेन बंद करायला सांगा आणि तुम्ही पोचेपर्यंत कुणी नळाला हात लावू नये हे बजावा.

वॉरंटी कार्डाची चौकशीही इथंच करा. टाकीची वॉरंटी कॉइलच्या वॉरंटीपेक्षा सहसा जास्त वर्षांची असते. बाहेरच्या माणसानं गिझर उघडला तर कंपनी हात वर करू शकते. वॉरंटी शिल्लक असेल तर कंपनीच्या सर्व्हिसला बोलवा म्हणून सांगायचं. एक काम जातं खरं, पण त्याच घरातून पुढं पंख्याचं, पंपाचं काम येतं.

लांबच्या गावाला जायचं असेल तर निघण्याआधी गिझरवरच्या माहिती छापलेल्या पट्टीचा फोटो मागवा. नंदगड किंवा जांबोटीत पोचल्यावर कॉइलची फ्लँज (कॉइल टाकीला बोल्टनं बसवायची चकती) वेगळी निघाली तर सामान आणायला परत शहर गाठावं लागतं आणि दिवस तिथंच संपतो.

गिझर उघडण्याआधी

तपासणी बाहेरून आत करायची. आधी वीज, मग पाणी, शेवटी गिझर.

विजेपासून सुरू करू. २ किलोवॉटचा गिझर २३० व्होल्टला साधारण पावणेनऊ अँपिअर घेतो, ३ किलोवॉटचा तेरा. त्याला १६ अँपिअरचाच सॉकेट लागतो. प्लग काढून पिना बघा. काळी पडलेली पिन, वितळलेलं प्लास्टिक किंवा जळका वास असेल तर निम्मा शोध तिथंच लागला. नुसती पिन घासून परत लावू नका. सॉकेटमधली पकड सैल झालेली असते, म्हणून पिन जळते. दोन्ही बदला.

मग व्होल्टेज, तेही दोनदा: गिझर बंद असताना आणि चालू असताना. बंद असताना २२५ आणि चालू करताच २००च्या खाली, असं दिसलं तर वायरिंगमध्ये कुठं तरी जोड ढिला आहे किंवा वायर बारीक आहे. दोन्ही वेळा कमीच असेल तर घरातलं काही बिघडलेलं नाही, लाइनच अशक्त आहे. ट्रान्सफॉर्मरपासून लांबच्या वस्तीवर संध्याकाळी १८० व्होल्ट दिसले तर नवल नाही. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गानं उतरते, म्हणून १८० व्होल्टला २ किलोवॉटचं कॉइल सव्वा किलोवॉटच्याही किंचित खाली येतं.

हा हिशेब गिऱ्हाइकाला सांगता आला पाहिजे. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.७ युनिट वीज लागते. पूर्ण व्होल्टेज असेल तर २ किलोवॉटला एकवीस-बावीस मिनिटं, १८० व्होल्टला पस्तीसच्या आसपास. २५ लिटरला पूर्ण व्होल्टेजलाच पस्तीस मिनिटं लागतात. "पयला गिझर लवकर तापायचा, ह्यो तापंना बघा" म्हणणाऱ्या मावशींनी पंधराचा काढून पंचवीसचा बसवलेला असतो, एवढीच गोष्ट. अशा ठिकाणी तपासणीचे पैसे घ्या आणि निघा. व्होल्टेजची तक्रार असेल तर हेस्कॉमचा १९१२ नंबर द्या.

अर्थिंग बघितल्याशिवाय पुढं जायचं नाही. फेज आणि अर्थच्या मध्ये मीटर २३० दाखवतो म्हणून अर्थिंग चांगलं, असं समजू नका. मीटरला करंट नगण्य लागतो, गंजलेल्या तारेतूनही तो पूर्ण व्होल्टेज दाखवील. भार टाकून बघावं लागतं. आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) नसलेल्या घरात फेज-अर्थमध्ये शंभर वॉटचा बल्ब लावला आणि तो मिणमिणला, तर अर्थिंग नावापुरतं आहे. आरसीसीबी असेल तर बल्ब लावताच ती पडेल, आणि पडलीच पाहिजे. जुन्या घरांत अर्थची तार नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली सापडते. पुढं कधी तरी प्लंबरनं तो पाइप काढून प्लास्टिकचा टाकलेला असतो, तार मात्र तशीच लोंबत राहते. असं घर दिसलं तर गिझरआधी अर्थिंगचं काम सुचवा. बिलावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवण्याचा सल्लाही लिहा, त्यांनी मानला नाही तरी.

पाणी बघा

बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं. ते फारसं त्रास देत नाही. त्रास बोअरच्या पाण्याचा, आणि त्यातही निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या रानातल्या बोअरचा. कॉइलवर पांढरा क्षार चढतो, आतून चटचट आवाज येतो, पाणी तापायला वेळ लागतो आणि शेवटी कॉइल फुटतं. घरातल्या बादलीच्या कडेला पांढरी रेघ बघून आत काय सापडणार याचा अंदाज येतो.

गळतीच्या तक्रारीत नवा माणूस सगळ्यात जास्त चुकतो. गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थेंब पडतात. पाणी २० वरून ६० अंशांवर गेलं की दीड टक्का फुगतं, २५ लिटरमागं जवळजवळ चार कप चहाएवढं. आत येणाऱ्या पाइपवर एकमार्गी व्हॉल्व्ह असेल तर त्या जादा पाण्याला बाहेर पडायला दुसरी वाटच नाही. हे थेंब म्हणजे बिघाड नव्हे. काहीही न बदलता तसं सांगायचं. तिथं बूच मारणारे महाभाग मी बघितले आहेत. ते बूच आधी काढा, मग बोला.

गिझर बंद असतानाही धार लागत असेल तर मात्र कारण शोधा. गच्चीवरच्या टाकीचा दाब फार नसतो, दहा मीटर उंचीला एक बार. सेफ्टी व्हॉल्व्ह बऱ्याच गिझरवर आठ बारचा असतो. म्हणजे दुमजली घरात साध्या टाकीच्या पाण्यावर तो गळत असेल तर व्हॉल्व्हच खराब आहे. अपार्टमेंटमध्ये प्रेशर पंप असेल तर आधी दाब मोजा. दाब जास्त निघाला तर नवा व्हॉल्व्हही तसाच गळेल, तिथं दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लागतो.

बाकीची गळती कापडानं पुसून शोधायची. वरच्या जोडातलं पाणी कवचावरून ओघळत खाली येतं आणि टाकी फुटल्यासारखं वाटतं. सगळं कोरडं करा, दहा मिनिटं थांबा, पहिला थेंब कुठं दिसतो ते बघा. पाइपच्या जोडाला दिसला तर टेफ्लॉन टेप आणि पाना. फ्लँजच्या कडेला दिसला तर रबरी गॅस्केट. कवचाच्या आतून तांबूस पाणी झिरपत असेल तर टाकी संपली. तिला वेल्डिंग करून देणारे भेटतात, पण आतलं काचेचं अस्तर वेल्डिंगच्या उष्णतेनं जळतं आणि शेजारी नवं भोक पडतं. तुम्ही त्या कामाला हात घालू नका.

आता गिझर उघडा

एमसीबी बंद, प्लग बाहेर, आणि टर्मिनलवर मीटर लावून वीज नाही याची खात्री. टेस्टरच्या दिव्यावर भिस्त ठेवू नका.

उघडण्याआधी, वीज चालू असताना दिवा लागतो पण पाणी गार, आणि क्लँप मीटर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) शून्य अँपिअर दाखवतो: बहुतेक वेळा कॉइल तुटलं. दिवाही लागत नाही आणि पाणीही गार: वीज, थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला कॉइल बंद करणारा) किंवा कटआउट (पाणी फार तापलं तर वीज तोडणारा). दिव्याची जोडणी प्रत्येक कंपनी सारखी करत नाही, म्हणून ही फक्त दिशा समजा आणि मीटरनं पक्कं करा.

कॉइलच्या दोन्ही वायरी काढून ओहम मोजा. २ किलोवॉटचं चांगलं कॉइल २६-२७ ओहम दाखवतं, ३ किलोवॉटचं १७-१८. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटलेलं. आकडा बरोबर आला तरी तिथं थांबू नका. प्रत्येक टर्मिनल आणि गिझरची बॉडी यांच्या मध्येही बघायचं. इथं साधा मल्टिमीटर दगा देतो, कारण तो थोड्या व्होल्टची बॅटरी लावून मोजतो. ज्या कॉइलच्या नळीला केसाएवढी चीर आहे ते त्याला ठणठणीत दिसतं, आणि २३० व्होल्ट मिळाले की गळायला लागतं. ५०० व्होल्टचा मेगर (जास्त व्होल्टेज लावून गळती मोजणारा मीटर) लावला की खरं कळतं. एक मेगाओहमच्या खाली गेलं तर ते कॉइल घरात ठेवायचं नाही. चालू केल्यावर पाच-सात मिनिटांनी आरसीसीबी पडते, लगेच नाही, अशी तक्रार आली की याच चिरेवर संशय घ्या. मेगर महाग वाटतो, पण सुरुवातीला ड्रिल मशीनआधी तो घ्यावा असं माझं मत आहे.

थर्मोस्टॅट थंड असताना, गुंडी पूर्ण वर ठेवून, दोन टोकांत जवळजवळ शून्य ओहम दाखवायला हवा. कटआउटचंही तेच. कटआउट उडालेला असेल तर बटण दाबून तो परत बसतो आणि गिझर चालू होतो. इथं काम झालं म्हणून निघालात तर आठवड्यात परत फोन येणार. कटआउट उगीच उडत नाही. थर्मोस्टॅटचे पॉइंट चिकटलेत का, कॉइलवर क्षाराचा थर आहे का, की वरची टाकी रिकामी असताना गिझर कोरडा चालला? चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गल्लीत हे तिसरं कारण आधी विचारा.

आणि एक गोष्ट, तिच्यावर चर्चा नको. "उद्या पाव्हणं येणार हाईत, आजच्या दिस डायरेक्ट करून द्या की" असं कुणी म्हणालं तरी थर्मोस्टॅट किंवा कटआउट वगळून वायर जोडायची नाही. पाणी उकळत राहतं, त्यात सेफ्टी व्हॉल्व्हला कुणी बूच मारलेलं असलं की टाकी फुटते. हंड्यात पाणी तापवा म्हणावं एक दिवस.

कॉइल बाहेर काढलंच आहे तर मॅग्नेशियमचा रॉड बघा. तो स्वतः झिजून टाकी वाचवतो. बोअरच्या पाण्यात वर्षभरातच तो तारेसारखा बारीक झालेला सापडू शकतो. स्वस्त वस्तू आहे, बदला. टाकीत साचलेला चुरा धुऊन काढा. क्षार काढायला सायट्रिक अ‍ॅसिड वापरा. संडास साफ करायचं अ‍ॅसिड टाकीत ओतू नका.

गॅस आणि सोलर, थोडक्यात

गॅस गिझर पेटत नसेल तर आधी सेल बदला, दोन मोठे, मिळून तीन व्होल्ट. मग पाण्याचा दाब: पाण्याच्या जोरानं आतला पडदा ढकलला गेल्याशिवाय ठिणगी पडत नाही, म्हणून पहिल्या मजल्यावर चालणारा गिझर गच्चीवरच्या टाकीला लागून असलेल्या सगळ्यात वरच्या मजल्यावर चालत नाही. एवढं तुम्ही करा. गॅसच्या बाजूचं काम शिकल्याशिवाय करू नका. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसली तर जळण अर्धवट होतंय आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतोय. त्याला रंग नाही, वास नाही. बंद न्हाणीत बसवलेला गॅस गिझर दुरुस्त करून देऊ नका. बाहेर हलवायचा असेल तरच काम घ्या, कितीही ओळखीचं घर असलं तरी.

सोलरच्या तक्रारीत पावसाळ्यात निम्म्या वेळा काही बिघडलेलंच नसतं. कणकुंबीच्या बाजूला आठवडाभर ऊन दिसलं नाही तर नळ्या काय तापवणार? अशा वेळी टाकीतलं बॅकअप कॉइल तपासायचं, रीत वर सांगितलेलीच. ऊन असूनही पाणी गार असेल तर नळ्यांची खालची टोकं बघा. टोकाचा चकचकीत चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर त्या नळीतली निर्वात पोकळी गेली. हवा कोंडल्यानंही पाणी फिरत नाही, म्हणून टाकीवरचा एअर व्हेंट मोकळा आहे का बघा. दुपारच्या उन्हात तापलेल्या रिकाम्या नळ्यांत गार पाणी सोडू नका, काच तडकते. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी भरा. ओल्या पत्र्यावर चढू नका.

खानापूरकडं अजून बऱ्याच न्हाण्यांत तांब्याचा बंब आहे. तो गळला तर तांबटाकडं पाठवा.

दर कसा सांगायचा

दराचे तीन भाग: तपासणी, सामान, मजुरी. तिन्ही वेगळे बोलायचे आणि वेगळे लिहायचे. एकच रकमेचा आकडा सांगितला की घासाघीस सुरू होते आणि गिऱ्हाईक कमी करतं ते तुमच्या मजुरीतून, कारण कॉइल तुम्हाला दुकानात त्याच भावानं पडलेलं असतं.

तपासणीचा दर असा काढा. समजा तुम्हाला दिवसाला १२०० रुपये सुटले पाहिजेत आणि शहरात दिवसाकाठी चार घरं होतात. मग एका घराला ३०० आले, पाना न फिरवताही. त्यात टिळकवाडी ते वडगावचं पेट्रोल धरा. गाव लांब असेल तर हिशेब वेगळा. जाऊन-येऊन ८० किलोमीटर, गाडी लिटरला ४५ देते, लिटरला शंभर रुपये धरले तरी पेट्रोलचे १८० होतात. पण खरा खर्च पेट्रोलचा नव्हे. अर्धा दिवस जातो, म्हणजे दोन घरं बुडतात, ६००. तेव्हा त्या गावाची तपासणी ७८० च्या आसपास पडते. ही रक्कम ऐकून माणूस नको म्हणेल, मग त्याला सांगा की गल्लीतली आणखी दोन-तीन घरं जमवा, फेरी वाटून घेऊ. खेड्यात हे सहज जमतं.

सामानावर छापील किमतीच्या वर घेऊ नका, तो कायद्यानंही गुन्हा आहे. दुकानदाराकडून मिळालेली सूट तुमची. त्यात लाजण्यासारखं काही नाही, कारण कॉइल महिन्यात गेलं तर परत जायची फेरी तुम्हालाच पडणार आहे. जुनं कॉइल नमुना म्हणून दुकानात घेऊन जा. फ्लँजचा व्यास, भोकांची संख्या आणि थर्मोस्टॅटची नळी यांपैकी एक जरी चुकलं तरी ते बसत नाही.

आता एक पूर्ण उदाहरण. अनगोळमध्ये १५ लिटरचा गिझर, कॉइल तुटलेलं. समजा तपासणी ३००, कॉइल ६५०, गॅस्केट ६०, मजुरी ३५०. एकूण १३६०. काम तुमच्याकडूनच करून घेतलं तर तपासणीतले काही पैसे वजा करायची पद्धत अनेक जण ठेवतात. ठेवायची असेल तर दारातच सांगा, शेवटी उपकार म्हणून नको. आणि उघडल्यावर टाकीही गंजलेली दिसली, तर काम तिथंच थांबवून नवा आकडा सांगायचा आणि हो म्हटल्याशिवाय पुढं जायचं नाही.

दुरुस्ती नव्या गिझरच्या निम्म्या किमतीपर्यंत चालली आणि गिझर आठ-दहा वर्षांचा असला, तर मी नवा घ्या म्हणतो. टाकी फुटली असेल तर वय कितीही असो.

"दहा मिनिटांचं काम आणि एवढं पैसं?" हे ऐकावं लागणारच. वाद घालू नका. मीटर लावून आकडा दाखवा. "काकू, इथं २७ दिसायला पाहिजे, काहीच दिसत नाही बघा." आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं माणूस क्वचितच घासाघीस करतं. कन्नड घरात "एष्ट आगतैतरी?" (किती होतील?) असं विचारतील. तिन्ही भाग कागदावर मांडून पुढं केले की भाषा अडत नाही. जुनं सामान गिऱ्हाइकाच्या हातात द्या, त्यातलं तांबं त्यांचं आहे.

बंद करण्याआधी

गरम पाण्याच्या नळातून अखंड धार येईपर्यंत टाकी भरा, त्याआधी प्लग लावायचा नाही. नवं कॉइल कोरडं तापलं तर काही सेकंदांत जातं आणि ते तुमच्या खात्यावर. मग चालू करून क्लँप मीटरवर अँपिअर बघा आणि थर्मोस्टॅट आपणहून तोडतो का याची वाट बघा. पंधरा लिटरला वीस-पंचवीस मिनिटं बसावं लागतं. तेवढ्यात बिल लिहून होतं.

बिलावर तारीख, बदललेलं सामान, व्होल्टेज, अँपिअर आणि कॉइलचे ओहम लिहा. गॅरंटी कशावर आहे आणि कशावर नाही तेही: सामान आणि जोडणीवर आहे, क्षारानं किंवा कोरडं चालवल्यानं झालेल्या नुकसानीवर नाही. हेच आकडे एका चिठ्ठीवर लिहून ती गिझरच्या खालच्या झाकणाच्या आतून चिकटवा. पुढच्या वेळी तुम्ही आलात किंवा दुसरा कुणी आला, तरी झाकण काढताच आधीचं माप समोर असेल.